वाचक विचारतात: गरीब काउंटीतलं स्वस्त घर घ्यावं का?

अमेरिकेत मोठ्या शहराजवळ राहणं झेपेनासं झालेल्या वाचकांची पत्रं या वेळी जास्त आली. लांबच्या, कमी उत्पन्नाच्या ग्रामीण काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) घर निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतंय, मग तिकडे जावं का, हा सगळ्यांचा प्रश्न. उत्तरं देताना आम्ही एकच धागा धरला आहे. घर स्वस्त असेल तर ते का स्वस्त आहे, हे आधी शोधायचं. कारण तेच कारण पुढे दवाखान्यात, शाळेत आणि नळाच्या पाण्यातही भेटतं.

प्रश्न: आम्ही दोघं न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दोघांचंही काम घरून चालतं, ग्रीन कार्ड झालं आहे. मुलं ७ आणि १३ वर्षांची. मालमत्ता करच वर्षाला ११ हजार डॉलर भरतो. वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिणेला, कोळशाच्या पट्ट्यात, चार बेडरूमचं बरं घर १ लाख १० हजार डॉलरला दिसतंय. हिशेब इतका सरळ आहे की शंका येते. काय तपासावं?

उत्तर: तुमच्या हिशेबातला कराचा भाग बरोबर आहे, आधी तोच पक्का करू. वेस्ट व्हर्जिनियात घराचं करयोग्य मूल्य बाजारभावाच्या ६० टक्के धरतात. १ लाख १० हजारांच्या घराला ते ६६ हजार होतं. मालक स्वतः राहत असेल तर घर करासाठी दुसऱ्या वर्गात येतं. दर काउंटीनुसार बदलतो, पण अंदाजासाठी शंभराला सव्वा डॉलर धरा: वर्षाला साधारण ८२५ डॉलर. मात्र आधीच्या मालकाने घर भाड्याने दिलं असेल तर ते तिसऱ्या वर्गात, आणि असं भाड्याचं घर गावाच्या हद्दीत असेल तर चौथ्या वर्गात असतं आणि दर जवळपास दुप्पट लागतो. म्हणून खरेदी झाल्यावर काउंटी असेसरकडे (मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाऊन ‘मालक स्वतः राहतो’ अशी नोंद करून घ्या. गाड्यांवरही दरवर्षी मालमत्ता कर असतो. तो वेळेत भरला तर २०२४ पासून राज्याच्या आयकरातून परत मिळतो, पावती तेवढी जपून ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणाची कंपनी न्यूयॉर्क राज्यातली असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: कर्मचारी स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यातून काम करतो असं दिसलं तर न्यूयॉर्क आपला आयकर लावतंच. राज्य बदललं म्हणून तो सुटत नाही.

म्हणजे कराचे वर्षाला १० हजार डॉलर वाचले. आता रस्त्याचा खर्च मांडू. घर निवडलंत तिथून चांगलं सुपरमार्केट ४० मैलांवर आहे असं धरा. आठवड्याला एक फेरी, ८० मैल, वर्षाला ४,१६० मैल. मुलांचे खेळ, वाद्याचा क्लास, मित्रांचे वाढदिवस: आठवड्याला चार वेळा ३० मैल, ४० आठवडे, म्हणजे ४,८००. दातांचा डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ, डोळ्यांचा डॉक्टर: १५० मैलांच्या वीस फेऱ्या, ३,०००. विमानतळ आणि भारतीय किराणा: महिन्याला ३०० मैलांची एक फेरी, ३,६००. बेरीज १५,५६० मैल. आज तुमची ही सगळी कामं दोन-चार मैलांत उरकतात, त्यामुळे हे जवळजवळ सगळं जादाच. अमेरिकी आयकर खात्याचा २०२५ चा दर मैलाला ७० सेंट होता. त्यात इंधन, विमा, देखभाल, गाडीची घसरण सगळं येतं. या दराने १०,८९२ डॉलर होतात. कराची सगळी बचत रस्त्यावर गेली. जुनी गाडी घेऊन स्वतः देखभाल केलीत तर आकडा खाली येईल, पण वेळ खाली येणार नाही. डोंगरातल्या रस्त्यांवर सरासरी ताशी ४० मैल धरले तरी वर्षाला ३९० तास गाडीत जातात, आणि ते तुमच्यापैकी एकाच्या कामाच्या वेळातून जातात.

याचा अर्थ जाऊ नका असा नाही. खरी बचत करात नसून घराच्या किमतीत आहे. एडिसनचं घर विकून तिथलं रोख घेतलंत तर गृहकर्जाचा हप्ताच उरत नाही आणि बाकीची रक्कम हाताशी राहते. धोका परतीच्या वाटेवर आहे. तिथलं घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळायला वर्ष लागू शकतं, आणि तोवर एडिसनमध्ये पुन्हा शिरणं परवडेनासं झालेलं असतं.

आता घर स्वस्त का, ते पाहू. त्याच पट्ट्यातल्या मॅकडॉवेल काउंटीत १९५० साली ९८,८८७ माणसं होती. २०२० च्या जनगणनेत १९,१११ उरली. खाणींत यंत्रं आली, मग खाणीच बंद पडत गेल्या, माणसं गेली, घरं मागे राहिली. पण लाखभर माणसांसाठी टाकलेल्या नळवाहिन्या आणि रस्ते तेवढेच लांब आहेत, आणि त्यांचा खर्च आता वीस हजार माणसांवर पडतो. जुन्या वाहिन्या फुटतात, दाब पडतो, ‘पाणी उकळून प्या’ अशी सूचना निघते. किंबॉल गावचं वॉलमार्ट २०१६ मध्ये बंद झालं, त्याच्याबरोबर नोकऱ्या आणि ताज्या भाजीची जवळची सोयही गेली. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा पाणी कुणाचं हे विचारा आणि त्या पाणीपुरवठा संस्थेचा वार्षिक पाणी-गुणवत्ता अहवाल मागा. सार्वजनिक पुरवठादाराला तो ग्राहकांना द्यावाच लागतो. गेल्या वर्षभरात उकळण्याच्या सूचना किती निघाल्या हे शेजाऱ्यांना विचारा; ते खरं सांगतात.

काउंटीची एकूण तब्येत कळायला ॲपलाचियन रीजनल कमिशनची वर्गवारी उपयोगी आहे. १३ राज्यांतल्या ४२३ काउंट्यांना हे कमिशन दरवर्षी पाच वर्गांत घालतं. तीन वर्षांची सरासरी बेरोजगारी, माणशी बाजारातली कमाई आणि गरिबीचं प्रमाण यांवरून निर्देशांक काढतात. देशातल्या सगळ्यात खालच्या १० टक्क्यांत बसणारी काउंटी ‘डिस्ट्रेस्ड’ (संकटग्रस्त) ठरते. एका वर्षाचा वर्ग पाहून काही कळत नाही, दहा वर्षांचा पाहा. खालून वर सरकणारी काउंटी आणि वरून खाली घसरणारी काउंटी आज एकाच वर्गात दिसतील, पण दोन्हींचं भविष्य वेगळं आहे.

इंटरनेटचा निकाल घर पसंत करण्याआधी लावा. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या नकाशात पत्ता टाकला की कोणत्या कंपन्या सेवा ‘देऊ शकतात’ ते दिसतं. २०२४ पासून ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला डाउनलोड १०० आणि अपलोड २० मेगाबिट अशी व्याख्या आहे. पण नकाशावर असलेली सेवा दारात असतेच असं नाही. कंपनीला त्या पत्त्यावर जोडणीची तारीख लेखी मागा आणि करारात ‘जोडणी मिळाली नाही तर व्यवहार रद्द’ अशी अट घाला. उपग्रहाच्या इंटरनेटला आकाश मोकळं लागतं. दोन डोंगरांच्या चिंचोळ्या घळीत, झाडांखाली, ते व्हिडिओ मीटिंगच्या मध्येच तुटतं. याच राज्यातल्या पोकाहोंटास काउंटीत तर ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीमुळे मोबाइल टॉवरवरच बंधनं आहेत.

थोरल्या मुलाची शाळा हा सगळ्यात कठीण भाग आहे. वेस्ट व्हर्जिनियात ५५ काउंट्या आणि काउंटीगणिक एकच शाळा-जिल्हा. मुलं कमी झाली की शाळा एकत्र करतात आणि बसचा प्रवास वाढतो. माध्यमिक शाळेत जाऊन अभ्यासक्रमाची यादी मागू नका, गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भरलेले वर्ग विचारा. यादीत कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र सगळं असतं. शिक्षक नसला किंवा सहाच मुलांनी नाव दिलं तर वर्ग भरत नाही. जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे वर्ग शाळेत असतानाच घेता येतात का, तिथवर कोण नेणार, हेही तेव्हाच ठरवा.

आमचा सल्ला: एडिसनचं घर वर्षभर भाड्याने द्या, तिकडे भाड्याने राहा, आणि नोव्हेंबर ते मार्च हे महिने त्यात यायलाच हवेत. मेमधल्या हिरव्या डोंगरावर भुलून घेतलेली घरं पहिल्या हिवाळ्यात विकायला निघतात. तोवर राज्याच्या ‘असेंड वेस्ट व्हर्जिनिया’ योजनेचीही चौकशी करा. ठरावीक भागांत येऊन राहणाऱ्या, राज्याबाहेरच्या कंपनीसाठी घरून काम करणाऱ्यांना ती दोन वर्षांत १२ हजार डॉलर देते. तुमच्या मनातली काउंटी त्या भागांत नसेल, तर त्या भागांतल्या घरांचीही तुलना करून पाहा.

प्रश्न: मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. मॅनेजर म्हणतो, ‘घरूनच काम करतोस, कुठेही राहा.’ ह्यूस्टनहून अर्कान्सासच्या एका लहान काउंटीत गेलो तर चालेल ना?

उत्तर: नुसतं मॅनेजरच्या शब्दावर जाऊ नका. एच-१बी साठी तुमचं घर हेच कामाचं ठिकाण ठरतं. कामाचं ठिकाण आधीच्या महानगर क्षेत्राबाहेर गेलं की कंपनीला नवं लेबर कंडिशन ॲप्लिकेशन (कामाचं ठिकाण आणि पगार यांची श्रम खात्याकडची मंजुरी) घेऊन सुधारित अर्ज करावा लागतो. २०१५ च्या ‘सिमिओ’ निर्णयापासून हे स्पष्ट आहे. अर्ज तुम्ही जाण्याआधी दाखल व्हायला हवा. दाखल झाला की मंजुरीची वाट न पाहता नव्या ठिकाणी काम सुरू करता येतं. घर बदलल्यावर १० दिवसांत एआर-११ भरून पत्ता कळवायचा, ते वेगळं.

पगाराकडेही लक्ष द्या. प्रचलित वेतन, म्हणजे कंपनीला त्या कामासाठी द्यावाच लागणारा किमान पगार, ठिकाणावरून ठरतं आणि गरीब काउंटीत ते कमी असतं. काही कंपन्या त्याच वेळी ‘ठिकाणानुसार पगार’ म्हणून कपात करतात. कपातीचा आकडा लेखी घेतल्याशिवाय भाडेकरार मोडू नका.

ग्रीन कार्डाची रांग लागली असेल तर आणखी सावध राहा. पर्मचं, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने श्रम खात्याकडून घ्यायचं, प्रमाणपत्र त्या कामाच्या ठिकाणापुरतं असतं. कायमचं ठिकाण रोजच्या ये-जा करण्याच्या टप्प्याबाहेर गेलं तर बहुधा पर्म नव्याने करावं लागतं. आय-१४० (ग्रीन कार्डासाठीचा मूळ अर्ज) मंजूर असेल तर रांगेतली जुनी प्राधान्य तारीख हातात राहते, पण मोठा उपद्व्याप होतो. आय-४८५ (ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज) दाखल होऊन १८० दिवस झाले असतील तर मोकळीक बरीच आहे. हे तिन्ही प्रश्न कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला ईमेलवर विचारा आणि उत्तर ईमेलवरच घ्या.

प्रश्न: माझे यजमान जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर रेसिडेन्सी करत आहेत. मिसिसिपी डेल्टामधल्या एका दवाखान्यात वेव्हरची (दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट माफ करून देणारी) नोकरी मिळाली आहे, तीन वर्षांसाठी. तिथे घरं खूपच स्वस्त आहेत. घेऊन टाकावं का? मी एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर येईन.

उत्तर: घेऊ नका, भाड्याने राहा. वेव्हर देणाऱ्या कॉनरॅड योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा असतात आणि डॉक्टरला डॉक्टरांच्या टंचाईच्या भागात आठवड्याला ४० तास, तीन वर्षं, एच-१बी वर काम करावं लागतं. अशा भागांतले दवाखाने पैशांच्या ओढाताणीत चालतात. दवाखाना बंद पडला तर ‘असाधारण परिस्थिती’ दाखवून उरलेली मुदत दुसऱ्या टंचाईच्या भागात पुरी करता येते, पण तो भाग दोनशे मैलांवर असू शकतो. तेव्हा विकलं न जाणारं घर गळ्यात नको. नोकरीच्या करारात मुदतीआधी सोडल्यास दंड किती, रात्रपाळ्या किती, जोडीला दुसरा डॉक्टर आहे की नाही, हे घराच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं आहे. एकटा डॉक्टर असेल तर तीन वर्षांत सुट्टी मिळणं अवघड.

तुमच्या कामाचा प्रश्न आधीच सोडवायला घ्या. एच-४ वर कामाचा परवाना साधारणपणे यजमानांचा आय-१४० मंजूर झाल्यावर मिळतो. टंचाईच्या भागात काम करणाऱ्या डॉक्टरांना राष्ट्रहिताच्या सवलतीखाली तो अर्ज नोकरीच्या सुरुवातीलाच करता येतो. ग्रीन कार्डासाठी मात्र एकूण पाच वर्षं सेवा भरावी लागते. ही पाच वर्षं करायची असं दोघांचं ठरलं आणि दवाखाना भक्कम निघाला, तर दुसऱ्या वर्षाअखेर घराचा विचार करा. मिसिसिपीत मालक राहत असलेल्या घराचं मूल्य १० टक्क्यांनी धरतात, इतरांचं १५ टक्क्यांनी. त्यासाठीचा होमस्टेड अर्ज १ जानेवारी ते १ एप्रिल या काळातच करता येतो.

डेल्टाची चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. भिंतींच्या कोपऱ्यांत तिरक्या भेगा, अडकणारी दारं दिसली तर पाया हललेला असतो. भाड्याचं घर निवडतानाही वादळात कुठे लपायचं ते विचारा. २४ मार्च २०२३ च्या रात्री टॉर्नेडोने रोलिंग फोर्क गाव उद्ध्वस्त केलं. चाकांवरून आणलेल्या तयार घरात राहणार असाल तर गावातलं वादळ-निवाऱ्याचं ठिकाण आणि त्याची किल्ली कुणाकडे असते हे पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी. बाळाचा विचार असेल तर बाळंतपण करणारा दवाखाना किती दूर आहे ते पाहा. ग्रामीण दवाखाने सगळ्यात आधी प्रसूती विभाग बंद करतात, कारण बाळंतपणं कमी असली तरी माणसं चोवीस तास ठेवावी लागतात.

प्रश्न: निवृत्त आहे, ६३ वय. ईस्टर्न केंटकीत दोन एकर जागा, त्यावर जुनं मोबाइल होम, विहीर आणि सेप्टिक टाकी, सगळं मिळून ६० हजार डॉलर. थोडी भाजी, दोन-चार कोंबड्या अशी इच्छा आहे. फसगत कशी टाळू?

उत्तर: काका, इच्छा छान आहे आणि ती तिथे पुरी होऊ शकते. पण या ६० हजारांत पाच वेगळ्या वस्तू आहेत आणि प्रत्येक वेगळी तपासायला हवी.

घर. बाहेरच्या भिंतीवर मागच्या टोकाला साधारण दोन बाय चार इंचांची लाल धातूची पट्टी शोधा. दोन भागांचं घर असेल तर दोन पट्ट्या हव्यात. १५ जून १९७६ नंतर बांधलेल्या घरालाच ती असते. ती नसेल तर कर्ज आणि विमा दोन्ही अवघड. चाकं आणि आस काढून घर पक्क्या पायावर बसवलं आहे का, आणि ‘गाडी’ म्हणून असलेली नोंद रद्द करून ते स्थावर मालमत्ता झालं आहे का, हे काउंटी क्लार्कच्या कचेरीत पाहा. झालं नसेल तर जमिनीच्या खरेदीखताने घर तुमच्या नावावर होत नाही.

सेप्टिक. तीन बेडरूमच्या घराला साधारण १,००० गॅलनची टाकी असते आणि दर तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते. आरोग्य खात्याकडे परवाना आहे का ते आधी पाहा. त्या भागात काही जुन्या घरांचं मैलापाणी नळीने थेट ओढ्यात सोडलेलं असतं, आणि परवाना न सापडण्याचं कारण बऱ्याचदा हेच. तपासणी टाकी उपसून, झाकण उघडून व्हायला हवी. विकणारा ‘आताच उपसली’ म्हणाला तर उलट सावध व्हा: नुकत्या उपसलेल्या टाकीत शोषखड्डा (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा भाग) तुंबल्याचं दिसत नाही. टाकीच्या पुढच्या भागात गवत जास्त हिरवं, जमीन भुसभुशीत, संडासात गुडगुड आवाज, ही तुंबल्याची खूण. शोषखड्डा नव्याने करायचा तर खर्च १० हजार डॉलरच्या वर सहज जातो, आणि उतारावर दुसरी योग्य जागाच नसली तर पैसे देऊनही होत नाही.

विहीर, म्हणजे आपण बोअर म्हणतो ती. खासगी विहिरीच्या पाण्यावर सरकारची देखरेख नसते, सगळं तुम्हालाच पाहावं लागतं. जंतू (कोलिफॉर्म शून्य हवेत), नायट्रेट (लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत), आर्सेनिक (लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या आत), लोह, मँगनीज हे तपासा. कोळशाच्या भागात मिथेनही. नमुना घेताना पाण्यातला क्लोरीनही मोजायला सांगा. तपासणीच्या आदल्या दिवशी कुणी विहिरीत क्लोरीन ओतलं असेल तर अहवाल स्वच्छ येतो आणि महिन्याने पोट बिघडतं. पंप सलग चालवून मिनिटाला किती गॅलन येतं ते मोजा. पाच मिळाले तर उत्तम, तीनच्या खाली असेल तर साठवणटाकी लागेल. विहीर आणि शोषखड्डा यांत १०० फूट अंतर असलं तर निर्धास्त, ५० पेक्षा कमी असेल तर सोडून द्या.

जमिनीखालचं. ॲपलाचियात पृष्ठभाग एकाचा आणि खालचा कोळसा, वायू दुसऱ्याचा, हे सर्रास आहे. केंटकीत शंभर वर्षांपूर्वी कोळसा कंपन्यांनी ‘ब्रॉड फॉर्म डीड’वर सह्या घेऊन खनिज हक्क मिळवले होते. १९८८ च्या घटनादुरुस्तीने त्या जुन्या कागदांच्या जोरावर उघडी खाण करणं रोखलं, हक्क मात्र राहिले. जमिनीचे कागद वकिलाकडून तपासा, मालकीचा विमा घ्या आणि जागा जुन्या खाणीवर असेल तर खचण्याचा विमाही मागा. त्याच तपासणीत वारसांचा घोळ कळतो. आजोबांच्या नावावरची जमीन वाटणी न करता तिसऱ्या पिढीपर्यंत आली असेल तर एकट्या नातवाची सही पुरत नाही.

पाणी आणि वाट. घळीतली सपाट जागा ओढ्याकाठीच असते. जुलै २०२२ च्या पुराने ब्रेथिट, नॉट, लेचर, पेरी या काउंट्यांत घरंच्या घरं वाहून गेली. सरकारी पूर-नकाशात जागा ‘एक्स’, म्हणजे कमी धोक्याच्या, भागात असली तरी ओढ्यापासूनची उंची डोळ्याने पाहा. राष्ट्रीय पूर विमा इमारतीला अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलरपर्यंत मिळतो, पण नवी पॉलिसी साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते. ढग पाहून घेता येत नाही. आणि ओढ्यावर खासगी पूल असेल तर तो किती वजन पेलतो ते विचारा. प्रोपेनचा टँकर, सेप्टिक उपसणारी गाडी, अग्निशमन बंब त्यावरून येणार नसतील तर ते घर तुमच्या वयात राहण्याजोगं नाही.

पुढे घराची दुरुस्ती निघाली तर अमेरिकी कृषी खात्याची ‘सेक्शन ५०४’ योजना लक्षात ठेवा. ग्रामीण भागात स्वतःच्या घरात राहणाऱ्या, अत्यल्प उत्पन्नाच्या माणसाला १ टक्का व्याजाने ४० हजार डॉलरपर्यंत कर्ज मिळतं. ६२ च्या पुढच्या, कर्ज फेडू न शकणाऱ्याला १० हजारांपर्यंत अनुदानही असतं.

प्रश्न: सासू-सासरे (६९ आणि ६६) ग्रीन कार्डावर दोन वर्षांपूर्वी आले. सासऱ्यांना हृदयविकार आहे. ‘पंधरा मिनिटांवर हॉस्पिटल आहे’ असं एजंट म्हणतो. पुरे ना?

उत्तर: कोणतं हॉस्पिटल, हे विचारा. ग्रामीण भागात बरीच ‘क्रिटिकल ॲक्सेस’ दर्जाची असतात: जास्तीत जास्त २५ खाटा, चोवीस तास तातडीची सेवा, रुग्ण सरासरी ९६ तासांच्या आत घरी किंवा पुढे. २०२३ पासून ‘रूरल इमर्जन्सी हॉस्पिटल’ हा नवा दर्जा आला आहे, त्यात दाखल करून घेण्याच्या खाटाच नसतात. दोन्ही ठिकाणी जीव वाचवणारे पहिले उपचार होतात आणि ते मोलाचे आहेत. पण हृदयाची रक्तवाहिनी उघडायची असेल तर मोठ्या दवाखान्यातच जावं लागतं. म्हणून तातडीच्या विभागात फोन करून विचारा: ॲंजिओप्लास्टी होणारं जवळचं केंद्र कोणतं, तिथे रुग्ण कसा हलवतात, हेलिकॉप्टर धुक्यात उडत नाही तेव्हा किती वेळ लागतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते इथेच देतात का हेही विचारा.

रुग्णवाहिका काउंटीत किती आहेत आणि रात्री किती चालतात, हे काउंटीच्या ९११ कार्यालयात कळतं. एकच असेल आणि ती दुसरा रुग्ण घेऊन शहराकडे गेली असेल तर दोन-तीन तास काउंटीत गाडी नसते. बिलांचंही पाहा. अवाजवी बिलांपासून वाचवणारा २०२२ चा फेडरल कायदा हेलिकॉप्टरला लागू आहे, रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेला नाही.

मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) त्यांना पाच वर्षांच्या सलग वास्तव्यानंतर मिळेल. अमेरिकेत काम केलं नसल्याने ‘पार्ट ए’चा (दवाखान्यात दाखल होण्याच्या खर्चाच्या भागाचा) पूर्ण हप्ता भरावा लागेल, २०२५ मध्ये तो माणशी महिन्याला ५१८ डॉलर होता. तोवर सरकारी ‘मार्केटप्लेस’वरचा खासगी विमा घ्यावा लागेल आणि तो काउंटीवर ठरतो. लहान काउंटीत एखाददुसरीच कंपनी असते. घर ठरवण्याआधी त्या काउंटीचा पिन टाकून योजना पाहा आणि सासऱ्यांचा हृदयरोगतज्ज्ञ कोणत्या योजनेत बसतो ते तपासा. कुणीच बसत नसेल तर आमचं मत स्पष्ट आहे: त्या काउंटीत जाऊ नका. मोठ्या दवाखान्यापासून ३० मिनिटांवरची, थोडी महाग काउंटी शोधा.

प्रश्न: शून्य डाउन पेमेंटचं सरकारी कर्ज खरंच असतं?

उत्तर: असतं. कृषी खात्याच्या हमीवर बँका ग्रामीण भागासाठी ते देतात. घरातल्या सगळ्या कमावत्या मोठ्यांचं मिळून उत्पन्न त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांच्या आत हवं. सुरुवातीला कर्जाच्या १ टक्का आणि पुढे दरवर्षी ०.३५ टक्के शुल्क. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक चालतात, एच-१बी नाही. अडचण वेगळीच येते: ७०-८० हजारांचं लहान कर्ज बऱ्याच बँकांना नको असतं, कारण कागदपत्रांची मेहनत तेवढीच. गावातल्या लहान बँकेत किंवा क्रेडिट युनियनमध्ये आधी विचारा. विकणाराच ‘मला हप्ते द्या, शेवटी नावावर करतो’ म्हणाला तर नको म्हणा; दोन हप्ते चुकले तर घरही जातं आणि भरलेले पैसेही.

प्रश्न: आपलं जेवण आणि आपली माणसं, याचं काय?

उत्तर: जेवणाचं जमतं. एक उभा फ्रीझर घ्या, ज्वारी-बाजरीचं पीठ, खोबरं, कढीपत्ता दोन महिन्यांचा भरून ठेवा, गोडा मसाला घरी करा. लाइट जाते तेव्हा फ्रीझर उघडू नका. भरलेला असेल तर सुमारे ४८ तास टिकतो. माणसांसाठी मराठी मंडळाची वाट पाहत बसू नका, ते तीन तासांवर असेल. तिथलं सामाजिक जीवन चर्च, शाळेचे सामने आणि स्वयंसेवी अग्निशमन दल यांभोवती फिरतं. दलाला माणसांची कायम गरज असते, बंब चालवता आला नाही तरी हिशेब ठेवायला, स्वयंपाकाला माणूस हवाच असतो. आणि तुमच्या घराचा विमाही त्यांच्यावर ठरतो: ठाणं रस्त्याने पाच मैलांच्या आत नसेल तर घर अग्निसुरक्षेच्या वर्गवारीत सहसा शेवटच्या, दहाव्या वर्गात जातं आणि काही कंपन्या विमाच नाकारतात. घर पाहायला जाल त्याच दिवशी गाडीचं मीटर शून्यावर आणून ठाण्यापर्यंतचं अंतर मोजा, आणि आत जाऊन सरावाचा वार विचारून या.